चर बुजवण्याआधी : गावोगावच्या पाणीपुरवठा समित्यांना खुले पत्र

प्रति,
ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समित्यांचे अध्यक्ष, सदस्य आणि जलसुरक्षक यांना,

सप्रेम नमस्कार.

पाइपलाइन फुटली की गावात पहिले वाक्य ठरलेले असते, ‘प्लॅस्टिकच ते, किती दिवस टिकणार!’ दुसरे वाक्य कंत्राटदाराबद्दल असते, त्यात आम्ही पडत नाही. पहिले मात्र चुकीचे आहे. जमिनीखाली नीट निजवलेला पीव्हीसी पाइप गंजत नाही, खाऱ्या जमिनीला दाद देत नाही आणि माणसाची एक पिढी सहज पाहतो. फुटतो तो बहुतेक वेळा ठरावीक जागी : सांध्यात, वळणावर, घराच्या जोडणीपाशी आणि पंपाजवळच्या पहिल्या टप्प्यात. तिथे काय चुकते हे लाइन टाकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या आम्हा लोकांना ठाऊक असते. पण ज्या समितीच्या सहीने योजना ताब्यात घेतली जाते, तिच्यापुढे येतो तो कागद, आणि तोवर चर बुजलेला असतो. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटरचा हिशोब धरून गावोगाव लाइनी पडल्या. त्यांची देखभाल यापुढे तुमच्याकडेच आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

आधी मालाची ओळख. पीव्हीसी म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड. याच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असते आणि ते मिठापासून निघते. बाकीचा भाग खनिज तेल किंवा वायूपासून येतो. म्हणजे हे प्लॅस्टिक निम्म्याहून अधिक मिठाचे आहे. कारखान्यात त्याची पांढरी पूड तयार होते, आपल्याकडे रत्नागिरीजवळही होते. जर्मन रसायनज्ञ ऑयगेन बाउमान याला १८७२ साली उन्हात राहिलेल्या व्हिनाइल क्लोराइड वायूच्या काचपात्रात ही पूड साचलेली दिसली. उन्हातच सापडलेला हा पदार्थ उन्हानेच खराब होतो, ते पुढे येईलच. नुसती पूड तापवली तर नीट वितळण्याआधीच करपते. म्हणून तिच्यात उष्णता सोसायला लावणारे स्थिरक, थोडे वंगण, रंग आणि खडूची भुकटी मिसळावी लागते. मग तयार होतो कडक पीव्हीसी : पाइप, बाथरूमचे दार, खिडकीची चौकट, वायरिंगची पट्टी. १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सेमन यांनी त्यात तेलकट द्रव्ये मुरवून ते रबरासारखे लवचिक करून दाखवले. विजेच्या वायरीवरचे वेष्टन, इलेक्ट्रिशियनची काळी टेप, रेनकोट, गमबूट, मोटारसायकलच्या सीटचे रेक्झिन, रक्तपेढीतली पिशवी आणि चौकाचौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स ही सगळी त्याच घराण्यातली. बादली, खुर्ची, पाण्याचा कॅन हे मात्र नाहीत. ती प्लॅस्टिके वेगळी. घरात खूण पटवायची तर तुकडा पाण्यात टाकून पाहा. बादलीचा तुकडा तरंगतो, पीव्हीसी पाइपचा तळाला जातो, कारण त्याची घनता १.४ च्या पुढे असते.

ही ओळख समितीला का लागते? कारण दुकानात सगळ्यालाच ‘पीव्हीसी पाइप’ म्हणतात. पिण्याच्या पाण्याचा दाब सोसणारा करडा पाइप आयएस ४९८५ या मानकाचा. बोअरवेलमध्ये उतरवायचा निळा केसिंग पाइप आयएस १२८१८ चा. सांडपाण्याचा एसडब्ल्यूआर पाइप आयएस १३५९२ चा, आणि तो दाबासाठी बनवलेलाच नसतो. तरी ‘जाड दिसतोय’ म्हणून लाइनीत बसवलेला सापडतो. सोलर हीटरच्या गरम पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारा जादा क्लोरीनचा पीव्हीसी लागतो. साधा पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि ४५ अंशांपुढे त्याला दाबाखाली ठेवायचेच नसते. काळा, निळ्या रेघांचा, वेटोळ्यात येणारा एचडीपीई, म्हणजे पॉलिथिनचा पाइप, हा तर निराळाच. त्याला सोल्युशन (पीव्हीसीचे सांधे जोडायचे द्रव) लावून काहीही होत नाही, तापवून वेल्डच करावा लागतो. सोल्युशन चोपडलेला एचडीपीईचा सांधा दिसला, की त्या माणसाला पुढचे काम देऊ नका.

माल उतरवून घेताना दोन गोष्टी करा. पहिली, पाइपवरची छपाई वाचा : आयएसआय खूण, खाली परवाना क्रमांक, मानकाचा आकडा, बाहेरचा व्यास, दाबाचा वर्ग (पाइप किती दाब सोसेल तो), उत्पादनाची तारीख. परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर टाकला की तो खरा की खोटा ते कळते. स्थिरक म्हणून पूर्वी शिशाची संयुगे वापरत. ती बंद करण्यासाठी केंद्राने २०२१ साली पीव्हीसी पाइपांसाठी वेगळे नियम काढले आहेत. तेव्हा पिण्याच्या लाइनीसाठी शिसेविरहित मालच मागा आणि बिलावर तसे लिहून घ्या.

दुसरी गोष्ट कोणीच करत नाही : पाइप तोला. पूड महाग, खडू स्वस्त. खडू जास्त कोंबला की पाइप दिसायला तसाच, किंबहुना हाताला जास्तच भरीव लागतो, पण ठिसूळ होतो. खडू पूडीपेक्षा जड असतो आणि तिथेच चोरी पकडता येते. व्हर्नियरने तोंडाशी सात-आठ ठिकाणी जाडी मोजून सरासरी काढा. बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, उत्तराला जाडीने आणि ३.१४ ने गुणा. हे झाले प्लॅस्टिकचे क्षेत्रफळ. बाहेरचा व्यास ९० मिलिमीटर, जाडी ३ मिलिमीटर धरली तर ८७ गुणिले ३ गुणिले ३.१४, म्हणजे ८२० चौरस मिलिमीटर. सहा मीटर लांबीत ४.९२ लिटर माल. घनता १.४० ते १.४६ धरली तर एक पाइप ६.९ ते ७.२ किलोचा भरायला हवा. काट्यावर ७.८ किलो आला तर घनता १.५८ च्या पुढे गेली, म्हणजे आत खडू बराच आहे. कॉलर, म्हणजे दुसरा पाइप आत बसावा म्हणून रुंद केलेले तोंड, असलेला पाइप असेल तर कॉलरचा भाग कापून सरळ तुकडाच मोजा, नाहीतर हिशोब चुकतो. जाडी मोजताना दशांश मिलिमीटरची चूकसुद्धा वजनात तीन टक्क्यांचा फरक पाडते, म्हणून एकाच पाइपवर निकाल देऊ नका. गाडीतून हाताला येतील ते पाच पाइप काढा. आम्ही तर म्हणू, भंगारवाल्याचाच काटा मागवा. त्याचा काटा आणि त्याची नजर दोन्ही पक्की असतात.

आता दाब. दहा मीटर उंचीचे पाणी म्हणजे साधारण एक किलो दाब, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो. टाकी बारा मीटर उंच असेल तर गल्लीतल्या लाइनीवर सव्वा किलोच्या आतबाहेर दाब येतो आणि तिथे हलका वर्गही चालून जातो. घोटाळा होतो विहिरीपासून टाकीपर्यंतच्या चढत्या लाइनीत. विहीर ते टाकी उंचीचा फरक ४० मीटर, म्हणजे चार किलो. त्यावर पाइपातले घर्षण. मग ‘सहा किलोचा पाइप भरपूर झाला’ असे कागदावर दिसते. पण पाणी सेकंदाला १.२ मीटर वेगाने चालले असताना वीज गेली की पंप थांबतो, पाण्याचा लांबलचक स्तंभ आधी पुढे ओढला जातो आणि मग उलटा येऊन चेक व्हॉल्व्हवर (पाणी मागे जाऊ न देणाऱ्या झडपेवर) आदळतो. पातळ पीव्हीसी पाइपात या दणक्याने तीन-साडेतीन किलो दाब क्षणभर आणखी चढतो. लोखंडी पाइपात तो याच्या कितीतरी पट चढला असता, पीव्हीसी थोडा फुगून तो पोटात घेतो. तरी चार अधिक साडेतीन म्हणजे सहाच्या वर गेलेच. एकदा फुटत नाही. दिवसातून चार वेळा वीज जाते तिथे पाइप दोन-तीन वर्षांत थकतो आणि मग लांबीच्या दिशेने सरळ चिरतो. सरळ लांब चीर दिसली तर सोल्युशनवाल्याला दोष देऊ नका, वर्ग चुकला आहे. अशा लाइनीला दहा किलोचा पाइप घ्या, उंचवट्यांवर अडकलेली हवा सोडणारे एअर व्हॉल्व्ह बसवा. जलसुरक्षकांना विनंती : मुख्य व्हॉल्व्ह सावकाश फिरवा. एका झटक्यात बंद केलेला व्हॉल्व्ह आणि गेलेली वीज यांत पाइपला काही फरक कळत नाही.

पाइप येऊन पडल्यावर काम सुरू होईपर्यंत शाळेच्या आवारात महिनोन्‌महिने उन्हात राहतात. उन्हाने करडा रंग पांढुरका होतो, बोट फिरवले तर पीठ लागते, आणि असा पाइप घणाच्या एका टोल्याने काचेसारखा तडकतो. सावलीत, सपाट जागी, दीड मीटरपेक्षा उंच थर न लावता, कॉलरची तोंडे एक इकडे एक तिकडे अशी रचा. ओढ्यावरून किंवा पुलाच्या कडेने उघड्यावर जाणारा तुकडा पीव्हीसीचा नकोच, तिथे लोखंडी पाइप घाला.

चराची रुंदी पाइपच्या व्यासापेक्षा फुटभर जास्त आणि पाइपच्या पाठीवर किमान ९० सेंटिमीटर माती, ही मोजमापे साधी आहेत. मुरमाड किंवा खडकाळ जमिनीत तळाला दहा सेंटिमीटर वाळूची किंवा चाळलेल्या मातीची गादी हवी. एका अणकुचीदार दगडावर टेकलेला पाइप वर्षभराने नेमका तिथेच भोक पाडून घेतो. काळ्या मातीत त्रास उलटा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपला सोबत ओढते. तिथे गादीही मुरमाची आणि पाइपच्या पाठीवरचा पहिला वीतभर थरही बारीक मुरमाचाच असावा. पावसाळ्यात काम चालू असेल तर आणखी एक गंमत होते. दोन्ही तोंडे बंद केलेला रिकामा पाइप चरात पाणी भरले की तरंगतो. ११० मिलिमीटरचा पाइप मीटरमागे सात किलोच्या आसपास जोर लावून वर येतो आणि सांधे वाकडे करतो. रोज संध्याकाळी मधल्या भागावर माती टाकूनच घरी जावे.

तापमानाकडे तर कोणाचेच लक्ष नसते. पीव्हीसी उष्णतेने लोखंडाच्या पाच-सहा पट वाढतो. शंभर मीटर लाइन दुपारच्या उन्हात जोडली आणि रात्री वीस अंशांनी थंड झाली, तर ती चौदा सेंटिमीटर आखडते. दुपारी तीनला चर बुजवला तर हे आखडणे सगळे सांध्यांवर ओढ देते आणि कच्चा सांधा रात्रीतून सुटतो. पाइप चरात किंचित नागमोडी निजवा आणि बुजवायचे काम सकाळच्या गारव्यात करा.

आता सांधा. सोल्युशन हा डिंक नाही. त्यात पीव्हीसीच विरघळवलेले असते, आणि ते पाइपचा व कॉलरचा पृष्ठभाग मऊ करून दोघांना एकजीव करते. हे समजले की बाकीचे नियम आपोआप पटतात. पाइप काटकोनात कापा, तिरका कापला तर कॉलरच्या तळाशी पूर्ण टेकत नाही. कानशीने आतबाहेरची कुसे काढा आणि बाहेरची कड थोडी उतरती करा. नाहीतर ती कड आत शिरताना लावलेले सोल्युशन खरवडून पुढे ढकलते. कोरडाच पाइप घालून पाहा : कॉलरमध्ये एक तृतीयांश ते दोन तृतीयांश जाऊन अडला पाहिजे. खडखडत तळाशी गेला तर कॉलर ढिली आहे, जास्त सोल्युशन ओतून ती भरत नाही. किती आत जायला हवा तिथे पेन्सिलीने खूण करा. दोन्ही बाजू कोरड्या फडक्याने पुसा, पाण्याचा थेंबही नको. कॉलरच्या आत पातळ थर, पाइपवर जरा भरपूर, दोन्ही ओले असतानाच पाइप खुणेपर्यंत दाबा आणि दाबताना पाव फेरा फिरवा. अर्धा मिनिट धरून ठेवा. सोडला तर तो हळूच मागे सरकतो, आणि खूण बाहेर दिसू लागते. बाहेर आलेले ओघळ पुसून टाका. पुढचे २४ तास त्यात दाबाचे पाणी सोडू नका.

बिघडते ते असे. घट्ट झालेले, जेलीसारखे सोल्युशन थिनर घालून पुन्हा पातळ करतात. असा सांधा आठवडा टिकतो. कॉलरच्या आत जास्त ओतलेले सोल्युशन खाली साचते आणि पाइपची भिंतच मऊ करून ठेवते. गळती मग सांध्यालगत, दोन बोटे अंतरावर होते, आणि लोक पाइपला नावे ठेवतात. सगळ्यांत वाईट सवय म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या कपलरचे पैसे वाचवायला काटक्यांच्या जाळावर पाइप शेकून त्याची कॉलर पाडणे. भिंत एका बाजूला पातळ होते, तपकिरी डाग पडतो, तिखट वास येतो. तो वास हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेचा, म्हणजे प्लॅस्टिक तुटू लागले आहे. लाइनीत तपकिरी डागाची कॉलर दिसली तर बिल थांबवा.

मोठ्या व्यासाला रबर रिंगचे सांधे चांगले. आखडण्या-वाढण्याला त्यांत जागा मिळते. रिंगला साबणाचे पाणी किंवा कंपनीचे वंगण लावा, ग्रीस नको. ग्रीसने रबर फुगते.

वळणावर काँक्रीटचा ठोकळा का लागतो, हे एका हिशोबात दिसते. ११० मिलिमीटरच्या पाइपचे तोंड ९५ चौरस सेंटिमीटर. सहा किलो दाबाला शेवटच्या टोपीवर ५७० किलोचा जोर येतो आणि काटकोनी वळणावर ८०० किलोचा. एवढा जोर मातीच्या भरवशावर सोडला तर वळण हळूहळू सरकते आणि सांधा निसटतो. ठोकळा न खणलेल्या, घट्ट मातीला टेकला पाहिजे. सैल भरावात ठेवलेला ठोकळा पाइपबरोबर सरकतो.

घराच्या जोडणीसाठी तापवलेल्या सळईने भोक पाडायची पद्धत बंद करा. भोकाच्या कडेला करपलेला, ठिसूळ गोल तयार होतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. रबर असलेले सॅडल (पाइपभोवती आवळायचा जोडणीचा पट्टा) बसवून ड्रिलने भोक पाडा, निघालेला भुसा काढून टाका. लोखंडी आटे पीव्हीसीच्या आट्यांत पिळू नका, पितळी आट्यांची फिटिंग घ्या. सुतळी आणि सफेदा लोखंडासाठी, इथे टेफ्लॉन टेप. हाताने घट्ट करून पान्ह्याने एक-दीड फेरा पुरे. ‘अजून एक आवळ’ म्हणणाऱ्या उत्साही माणसामुळे जितके एल्बो फुटतात तितके दाबाने फुटत नाहीत.

चाचणीच्या दिवशी समितीतले दोघे तरी हजर राहा. पाइपच्या मधल्या भागावर माती, सांधे मात्र उघडे. खालच्या टोकाकडून सावकाश पाणी भरा, उंचवट्यावरून हवा जाऊ द्या, मग कामाच्या दाबाच्या दीडपट चढवा. पहिल्या काही मिनिटांत काटा थोडा उतरेल, कारण पाइप किंचित ताणतो. पुन्हा चढवा. नंतरही उतरत राहिला तर प्रत्येक सांध्याखाली हात घालून ओल पाहा. चर बुजवण्याची परवानगी त्यानंतरच द्या.

उरलेले तुकडे चुलीत किंवा शेकोटीत घालू नका, जुने फ्लेक्सही नाही. धूर आम्लाचा असतो, शिवाय डायऑक्सिनसारखी विषे तयार होतात. भंगारात देताना पाण्याच्या बाटल्यांपासून वेगळे द्या. बाटल्यांच्या मालात पीव्हीसीचे थोडे तुकडे मिसळले तरी तो सगळा घाण पिवळा पडतो. चांगले लांब तुकडे मात्र टाकू नका. प्रत्येक व्यासाचा एक अख्खा पाइप, चार कपलर, दोन सॅडल आणि सोल्युशनचा न उघडलेला लहान डबा ग्रामपंचायतीत, सावलीत ठेवा. डब्यावर तारीख लिहा.

आणि नकाशा. पीव्हीसी धातू शोधणाऱ्या यंत्राला सापडत नाही. केबलवाल्याचा जेसीबी येतो तेव्हा लाइन कुठून गेली हे फक्त कोणाच्या तरी डोक्यात असते, आणि नेमका तो माणूस त्या दिवशी तालुक्याला गेलेला असतो. चर उघडा असतानाच प्रत्येक वळण, टी आणि व्हॉल्व्ह न हलणाऱ्या दोन खुणांपासून टेपने मोजा : शाळेच्या ईशान्य कोपऱ्यापासून ४.२० मीटर, हातपंपाच्या ओट्यापासून ७.६५ मीटर, असे. खोली, व्यास आणि वर्ग शेजारी लिहा. एक प्रत दप्तरात, एक पंपघराच्या दाराच्या आतल्या बाजूला.

आपले,
पाइपलाइनची कामे करणारे व दुरुस्त करणारे आम्ही काही जण